सीटखालचा बिब्बा

आमच्या दारच्या लिंबाखाली माझी स्कूटर उभी असायची, तेव्हा नवख्या माणसाला वाटायचं, हिनं कुणाचा तरी मुडदा पाडलाय आणि हिला बेड्या घातल्यात. पुढच्या चाकाला कुलूप. मागच्या चाकातून साखळी काढून लिंबाच्या बुंध्याला वेढा, त्या साखळीला दुसरं कुलूप. हँडल एका अंगाला वळवून लॉक. वरून ताडपत्री, ती पण दोरीनं आवळलेली. आणि पुढं, दिव्याच्या खाली, शनिवारचं लिंबू, मिरच्या आणि काळा बिब्बा, तारेत ओवलेला. एवढं सगळं सोडून गाडी रस्त्याला लावेपर्यंत माझा अर्धा जीव जायचा. आमचे मालक ओट्यावर शेंगा फोडत बसलेले असायचे. ते म्हणायचे, "चोर आला तर ही कुलपं बघूनच घाम पुसत बसंल. तांब्याभर पाणी दे त्याला."

तेव्हा हसायचे मी. आता ती गोष्ट आठवली की घशाशी आंबट येतं. म्हणून म्हटलं, एकदाची लिहून टाकावी. लिहिल्यानं घाण जाते का नाही ठाऊक नाही, पण खरकटं भांडं घासून पालथं घातल्यासारखं तरी वाटेल.

मी लोहाऱ्यात राहते. पन्नाशी उलटल्यावर स्कूटर शिकले. लेक लग्न होऊन गेली, तिची गाडी दारात गंजत पडलेली, आणि मालकांनी आयुष्यात सायकलीच्या पुढं काही चालवलेलं नाही. मी पहिल्यांदा गल्लीतून गाडी नेली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दोनदा पडले. एकदा शेणाच्या ढिगात पडले, ते बरं झालं, लागलं नाही. पण शिकले, कारण मला शिकणं भागच होतं. कारण माझी आई.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. आमच्या माहेराकडं अर्धी बोली कानडी. अव्वा एकटी राहते, लोहाऱ्यापासून सात-आठ किलोमीटरवर, पत्र्याच्या दोन खोल्यांत. नव्वदीला टेकली असेल. डोळ्यांत धुकं बसलंय. दोन वर्षांमागं गॅसपाशी पदर पेटला, थोडक्यात वाचली, तेव्हा मी गॅस उचलून घरी आणला. "माझ्याकडं चल," म्हटलं तर म्हणते, "तुझ्या घरात मला भिंती गावत न्हाईत." तिथं तिला सगळं हातानं गावतं, डोळ्यांची गरज नाही. मग मी रोज सकाळी डबा घेऊन जाते. भाकरी, पातळ भाजी, ताक. एसटी आहे, पण ती यायची तेव्हा येते, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. तर स्कूटर.

आता हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. अव्वाला साखर आहे. गोळी घ्यायची आणि लगेच जेवायचं, असं डॉक्टरनं सांगितलेलं. तिला घड्याळ दिसत नाही. पण घराला लागून शाळा आहे, आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. शाळा सुटल्याची घंटा झाली की अव्वा गोळी घेते. तोवर माझी गाडी दारात आलेली असते. घंटा, गोळी, डबा. असं आमचं बसलेलं होतं, पंचांगासारखं.

त्या वर्षी चैत्रात आमच्या इथं गाड्या चोरीला जायला लागल्या. एक आठवडी बाजारातून गेली, एक दवाखान्यापुढून, भर दिवसा. माणूस आत गोळ्या घेतोय आणि बाहेर गाडी नाही. सगळ्यांची झोप उडाली. आमच्या गल्लीत समोरच्या घरी एक भाऊजी राहतात. नात्यातले नाहीत, पण इतक्या वर्षांच्या शेजारात भाऊजीच. नोकरीतून रिटायर झालेले, धुतलेले कपडे, कपाळाला गंध, गल्लीत कुणाचं लग्न असो का भांडण, आधी भाऊजींना विचारायचं. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला एक लाकडी पट्टी आहे, तिला ओळीनं खिळे, आणि खिळ्यांना साऱ्या गल्लीच्या किल्ल्या. कुणी गावाला गेलं की जास्तीची किल्ली भाऊजींकडं. आणि एकदा ठेवली की परत कोण मागतंय? राहू द्या म्हणायचं. मागितली तर त्यांना वाटायचं, विश्वास उडाला. आम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलो तेव्हा आमचा जुडगा ठेवला होता. घराची किल्ली, कपाटाची, आणि स्कूटरची दुसरी. लाल दोऱ्यात.

चोऱ्या व्हायला लागल्या तशी भाऊजींनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. हँडल लॉक करा म्हणाले. किल्ली गाडीला ठेवून दुकानात जाऊ नका म्हणाले. साखळी घ्या म्हणाले. माझी साखळी तर त्यांनीच निवडली. दुकानातून आणून स्वतः लिंबाला वेढा घातला, कुलूप लावलं, दोन्ही हातांनी हिसका देऊन बघितला. "वैनी, आता यमराज आला तरी तुमची गाडी हलणार न्हाय." मी त्यांना चहा केला. लिंबू-बिब्ब्याची तार पण त्यांनीच मारुतीपुढून आणली. "नजर बी लागू नये," म्हणाले.

गाडी हलली नाहीच. पण पेट्रोल हलायला लागलं.

माझी गाडी जुनी. पेट्रोलचा काटा कधीचा मेलेला. मी अंदाजानं चालवते, गाडी जरा हलवायची आणि आत किती खळखळतंय ऐकायचं. आधी वाटलं, कान गेले माझे. मग वाटलं, गळतंय कुठंतरी. मेस्त्रीकडं नेली. त्यानं खाली वाकून सगळीकडं बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि म्हणाला, "काकू, गळती न्हाय. तुमची गाडी पीत बी न्हाय जास्त. तिचं कुणीतरी पितंय."

"अरं, पण सीटचं कुलूप तसंच्या तसं हाय."

"मग चोर लई सज्जन हाय," तो म्हणाला.

मी घरी आले आणि कुणाला सांगितलं? भाऊजींनाच. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ह्या पोरांचं काम हाय, वैनी. सीट उचकटायची कला असती त्यांच्याकडं. पण तुम्ही काळजी करू नका. दुपारी माझा डोळा लागत न्हाय. मी ध्यान ठेवतो." आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. हे लिहिताना तोंडात थुंकी जमतीय, पण त्या दिवशी मी त्यांच्या घरी वाटीभर शेंगाची चटणी नेऊन दिली होती.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशीच पेट्रोल टाकलेलं, म्हणून सकाळी गाडी हलवून बघितली नाही. डबा पुढं पायापाशी ठेवला आणि निघाले. अर्ध्या वाटेवर गाडीनं दोन आचके दिले आणि मेली. दोन्ही बाजूंना उसाची रानं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सीट उघडून झाकण काढलं तर आत कोरडं. मी गाडी ढकलत निघाले. माझं वय, ते ऊन, आणि चढ. एक जीप गेली, टपावरसुद्धा माणसं, थांबली नाही. आणि लांबून, वाऱ्यावर, शाळेच्या घंटेचा आवाज आला.

मला दिसत होतं. अव्वा आता हात लांब करील, कोनाड्यातली डबी घेईल, गोळी घेईल आणि उंबऱ्यात येऊन बसेल माझ्या गाडीचा आवाज ऐकत.

शेवटी एक दूधवाला आला. देव भलं करो त्याचं. त्यानं मोटारसायकलच्या टाकीत नळी घातली, दुसरं टोक तोंडाला लावून ओढलं, पेट्रोल तोंडात आलं तसं पचकन थुंकला आणि नळी बाटलीत सोडली. मी बघत उभी. म्हटलं, असं करतात होय. म्हणजे कुणीतरी माझ्या दारात, माझ्या लिंबाखाली, असंच नळी तोंडाला लावून उकिडवं बसलेलं असतं.

पोचले तेव्हा अव्वा उंबऱ्यात नव्हती. आत जमिनीवर आडवी होती. घामानं लुगडं भिजलेलं, हात थरथरत होते, आणि जीभ जड झालेली. मला म्हणाली, "कोण तू?" माझी आई मला म्हणाली, कोण तू. मी गूळ शोधला, बोटानं तिच्या जिभेवर चोळला, पाण्यात कालवून चमच्यानं पाजला. मांडीवर डोकं घेऊन बसले. बऱ्याच वेळानं डोळे जरा ठिकाणावर आले. मग ती हळूच म्हणाली, "भाकर न्हाय आणलीस व्हय?"

त्या दिवशी मी तिला घास भरवला आणि रडले. रडणं थांबल्यावर जे आलं ते रडण्यापेक्षा वाईट होतं. शिसारी आली. कुणाची ते ठाऊक नव्हतं, पण त्या नळीची, त्या तोंडाची, त्या उकिडव्या बसण्याची. बाटलीभर पेट्रोल! माझ्या आईच्या जिवावर बाटलीभर पेट्रोल पिणारा कोण आहे तो?

अव्वाला सगळं सांगितलं. गाडी जागेवरच असते, कुलपं आहेत, साखळी आहे, तरी पेट्रोल जातं. ती चोराला चोर म्हणत नाही, कानडीत कळ्ळ म्हणते. ती उठली, भिंत धरत बाहेर आली, गाडीवर हात फिरवला. हँडलला अडकवलेली साखळी चाचपली. पुढं दिव्याखालची तार हाताला लागली. लिंबू दाबून बघितलं, मग बिब्बा.

"हे काय?"

"बिब्बा. नजर लागू नये म्हणून."

"बाहिर लटकवून काय उपेग?" अव्वा म्हणाली. "कळ्ळ हितं हात लावतोय का? हात लावतोय तितं लाव की."

आमच्याकडं बिब्बा काय असतो हे लहान पोरालाही ठाऊक. परीट कपड्यावर खूण करतात ती त्याच्या तेलाची, काळी, जन्मात निघत नाही. आणि ते तेल अंगाला लागलं की अंग उततं, फोड येतात, सुजतं, खाजवून माणूस वेडा होतो. अव्वाच्या डाळीच्या डब्यात पाच-सहा बिब्बे पडलेले असतात, किडा लागू नये म्हणून. तिनं हातानंच शोधून काढले आणि माझ्या पदरात टाकले. "हाताला आधी गोडं तेल लाव," म्हणाली. "आणि काडीनं लाव. शाणपणा करू नको."

घरी येऊन तापलेल्या कोळशावर बिब्बा धरला, दाभणानं टोचला, काळं तेल बाहेर आलं. मालक लांबूनच ओरडले, "अगं, काय करतीस? नातवंडं यायची हाईत!" म्हटलं, नातवंडं सीटखाली जात नाहीत. सीट उचलायला बोटं घालतात तिथं, खालच्या बाजूनं, काडीनं लावलं. पेट्रोलच्या झाकणाला लावलं. दोन्ही ठिकाणी सगळं काळं, काही दिसत नव्हतं. आणि त्या दिवसापासून पेट्रोल टाकायला गेले की हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मीच सीट उघडायची, मीच झाकण काढायचं. पंपावरचा पोरगा म्हणाला, "मावशी, आमचे हात घाण हाईत का?" म्हटलं, तुझे नाहीत रे बाळा, म्हणूनच.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी गाडी हलवून बघितली, खळखळ कमी. म्हणजे आला होता. मी गप्प. येणाऱ्याजाणाऱ्याचे हात बघत बसले. दूध घालणाऱ्याचे, भाजीवालीचे, गल्लीतल्या पोरांचे. ते पण मला आवडलं नाही. जन्मभर ज्यांच्या हातचं पाणी प्यायले, त्यांच्या बोटांकडं चोरून बघायचं, ही काय रीत झाली? स्वतःचीच किळस वाटायला लागली.

आणि चौथ्या दिवशी सकाळी समोरची वैनी आली. भाऊजींची बायको. साधी बाई, मला आक्का म्हणते.

"आक्का, खोबऱ्याची वाटी हाय का घरात? आणि मूठभर तीळ."

"हाय की. कशाला गं?"

"ह्यांचं अंग उतलंय. काय चावलं, काय लागलं, काय की. हात तर बघवत न्हाईत. आणि ओठ..." तिनं स्वतःच्या ओठांवर बोटं ठेवली. "घास जात न्हाय."

बिब्बा उतला की खोबरं आणि तीळ चावून लावतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मी फडताळापाशी गेले आणि तिथंच थांबले. डबा हातात धरून उभी. हात उतले ते सीटनं. ओठ उतले ते नळीनं. साखळीला हिसका देऊन बघणारे ते दोन हात मला दिसले. मग खोबऱ्याची अख्खी वाटी आणि तीळ तिच्या ओंजळीत घातले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून लिंबाखालच्या गाडीकडं बघितलं, आणि खाली मान घालून गेली.

मालकांना सांगितलं तर त्यांनी शेंग फोडायची थांबवली. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. "त्यो कशाला घेईल?" ते म्हणाले. "त्याच्या दारात मोटारसायकल हाय, रान हाय, पेन्शन हाय."

तेच तर. भुकेल्यानं भाकरी नेली असती तर मी बिब्बा पुसला असता. ह्या माणसाला कसली भूक होती?

त्याच संध्याकाळी पारावर बैठक ठरलेली होती, गल्लीत कॅमेरे बसवायची. बोलावणारे भाऊजीच, मग न येऊन कसं चालेल? आले. दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले. ओठ वांग्यासारखे. बोलायला उभे राहिले, पण 'प' म्हणायला ओठ मिटेनात. पेट्रोल म्हणायला गेले आणि 'हेट्रोल' निघालं. पोरं खुसूखुसू हसायला लागली. त्या तोंडानं ते सांगत होते की चोर बाहेरून येतात, गल्लीनं एक झालं पाहिजे.

ऐकवेना मला. मी उठले. "भाऊजी, हात दावा."

"उष्णता हाय, वैनी. उन्हाळा बाधलाय."

"दावा तर खरं."

कडेला एक म्हातारे बसले होते, त्यांनी पुढं वाकून उपरणं जरा सारलं. "ही उष्णता न्हाय," ते म्हणाले. "काळे डाग बघा की बोटांवर. बिब्बा उतलाय. कुठं लागला बुवा?"

"माझ्या गाडीच्या सीटखाली," मी म्हटलं. "मीच लावलाय."

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. तोंड लपवील. पण भाऊजी चिडले. "मग? घेतलं हेट्रोल. घेतलं! शेजाऱ्याचं शेजाऱ्यानं घेतलं तर ती काय चोरी झाली? मी कुलूप फोडलं का? साखळी तोडली का? किल्ली तुम्हीच दिलीय मला. लाल दोऱ्यातली. तुम्ही दिलेल्या किल्लीनं उघडलं."

हे ऐकून मला हसावं का ओकावं कळेना. माणूस खरंच मानत होता ते.

"आणि मी सांगायला आले तेव्हा? ध्यान ठेवतो म्हणालात."

"सांगणारच होतो. राहून गेलं."

मग मी अव्वाचं सांगितलं. घंटेचं, गोळीचं, उसातल्या रस्त्याचं. आईनं मला कोण तू म्हटलं, ते सांगताना आवाज फुटला. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर कुणीतरी काहीतरी बोलेल. एकजण बोलला. "पण काही झालं तर न्हाय ना, काकू? मग सोडा. देवाची कृपा." आणि एक बाई, रोज माझ्याकडं विरजण न्यायला येणारी, म्हणाली, "काकू, पण बिब्बा लावायचा म्हंजे अतीच झालं. डोळ्याला लागला असता म्हंजे? माणूस आंधळा झाला असता की."

आमच्या मालकांना बाकी काही ऐकू आलं नव्हतं, हे बरोबर ऐकू आलं. ते मोठ्यांदा म्हणाले, "मग सीटखाली डोळं घालायला सांगितलं कुणी?"

कुणी हसलं नाही. भाऊजींनी उपरणं बाजूला केलं आणि दोन्ही हात पुढं धरले. पाणी भरलेले फोड, सुजलेली बोटं. बघून सगळ्यांनी चक चक केलं. साऱ्या पारानं केलं. माझी आई जमिनीवर घामानं भिजून पडली होती, तिच्यासाठी कुणी केलं नव्हतं. कुणी म्हणालं, शहाळं आणू का. कुणी म्हणालं, तूप लावा. मी मालकांचा हात धरला आणि घरी आले. चूळ भरली. दोनदा भरली. तोंडातली घाण जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर त्यांच्या घरी गेले. वैनीनं दार उघडलं. भिंतीवरच्या पट्टीवरून लाल दोऱ्यातला जुडगा तिनंच काढून दिला. खोबरेल तेलानं ओशट झालेला. "आक्का," ती म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं म्हणू का?"

"नको म्हणू," मी म्हटलं. "काहीच म्हणू नको." ती रडायला लागली. तिला जवळ घेतलं. तिचं काय चुकलं होतं?

मग मी डबा भरत होते तर मालकांनी ओट्यावरून हाक मारली. "अगं, हे बघ जत्रा."

मी दारात येऊन बघितलं. समोरच्या घरात एकेक जण चाललेला. विरजणवाली गेली, बाहेर आली, मुठीत किल्ली. देवाची कृपा म्हणणारा गेला. "पावणे येणार हाईत, जास्तीची किल्ली लागतीय." शहाळंवाला गेला. "कुलूपच बदलतोय म्हटलं." प्रत्येकाची काहीतरी सबब, प्रत्येकाची नजर खाली, आणि प्रत्येकाच्या मुठीत किल्ली. काल पारावर मला शहाणपण शिकवणारी ही माणसं. कुणाच्या टाकीतलं किती गेलं होतं, कुणाला कधी कळलं होतं, ते त्यांनाच ठाऊक. तोंडानं एक चक चक आणि पायांनी किल्लीकडं. भाऊजींची मला किळस आली होतीच. पण ही रांग बघून जी आली, तिच्यापुढं ती काहीच नाही.

आणि ह्याच्यावर कडी म्हणजे, विरजणवाली तिथून सरळ माझ्या दारात. "काकू, किल्ली तुमच्याकडं ठेवू का? तुमच्यावर भरोसा हाय." आणि आवाज खाली आणून, "आणि थोडा बिब्बा उरलाय का? आमच्या गाडीला बी लावावा म्हणते."

"संपला," मी म्हटलं. "आणि किल्ली तुझ्या कमरेला ठेव."

"असं काय करता, काकू?"

"सरक बाजूला. शाळा सुटायच्या आत पोचायचंय मला."

अव्वा उंबऱ्यात बसली होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. "कळ्ळ गावला?"

"गावला."

"कोण?"

"समोरचे. किल्ल्या ठेवणारे."

मी डबा उघडला, ताट तिच्यापुढं सारलं, तिचा हात भाकरीवर ठेवला. तिनं भाकरी चाचपली, ऊन होती. मग म्हणाली, "ते बाहिरचं लिंबू-बिब्बा काढून टाक. उगं लोंबतंय."

मी तार तोडून उकिरड्यावर फेकून आले. हात धुतले. तेवढ्यात पलीकडं शाळेची घंटा झाली, पोरं ओरडत सुटली, आणि अव्वानं कोनाड्यातली डबी घेतली.